लावणारा तपासत नाही

आमच्या घरी नियम होता, की जो रंग लावतो त्यानं तो तपासायचा नाही. बाबांनी हा नियम रेल्वेच्या कारखान्यातून घरी आणला होता, इतरांचे वडील साबणाच्या वड्या आणत तसा. दुरुस्त झालेल्या मालगाडीच्या डब्यांचा रंग तपासणं हे त्यांचं काम. रंगलेला डबा उन्हात उभा केला, की ते त्याच्या भोवती हळूहळू फिरत, तिरपं बघत, मधूनमधून अंगठा फिरवत आणि थर कुठं पातळ आहे, गंज न घासता रंग कुठं मारला आहे, ते सांगत. घरी आईनं घासलेली भांडी मी तपासायची. माझा अभ्यास आई तपासायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ती फक्त अक्षर बघायची आणि त्यात मी बऱ्याचदा नापास व्हायची.

गच्चीवर तारेला रंगवलेल्या लोखंडी पट्ट्या टांगलेल्या असत. कुठला रंग किती उन्हाळे टिकतो हे बाबांना स्वतःच्या समाधानासाठी जाणून घ्यायचं असायचं. वारा सुटला की त्या एकमेकींवर आपटून किणकिणत. शेजारच्या साहू काकींना वाटायचं, आम्ही काहीतरी उतारा बांधला आहे. आईनं त्यांना एकदा खरं काय ते सांगितलं. ते ऐकल्यावर, उताऱ्याचं समजणंच बरं होतं, अशा नजरेनं त्यांनी आईकडे पाहिलं.

अशा आठवणी म्हातारपणी लिहितात. मी आताशी तिशी ओलांडली आहे. पण बाबांना जाऊन चौदा महिने झाले आणि गाडी घेतली त्या वर्षाबद्दल लोक मला जे सांगतात, ते आणि मी पाहिलेलं, यांत दर खेपेला थोडं अंतर पडतं. म्हणून लिहून ठेवते आहे. रोज एक परिच्छेद होतो. काही दिवशी तोही होत नाही.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बाबा निवृत्त झाले आणि त्यांनी गाडी घेतली. पांढरी, लहान. साध्या चाकांची त्यांना हवी होती, पण शोरूममध्ये तयार होती ती चकचकीत अलॉयच्या चाकांची. शोरूमवाल्यानं चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. आम्ही बौद्ध, आमच्यात असलं चालत नाही. बाबांनी वाकून चारही लिंबं उचलली, रुमालानं पुसली आणि खिशात घातली. घरी आल्यावर आईनं त्यांचं सरबत केलं. गाडीचा समारंभ तेवढाच.

हिंदी मुलखातल्या या शहरात आमचं घर भनपुरीच्या अलीकडे आहे. पलीकडे लोखंडाचे कारखाने. सकाळी गच्चीवर अनवाणी गेलं की तळवे काळे होतात. वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळी राखाडी होऊन घरात येते. ही काजळी गाडीच्या चाकांवर बसायची, त्यात ब्रेकची भुकटी मिसळायची, आणि पंधरा दिवसांत चाकं तव्याच्या बुडासारखी दिसायची. काचांचं दुखणं वेगळं होतं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की धुतलेल्या काचेवर थेंबाथेंबाचे पांढरे वण राहात. बाबांची मुख्य तक्रार समोरच्या काचेची होती. "काचेवर पापुद्रा हाय," ते म्हणायचे. "समोरून गाडी आली का दिव्याभोवती कंकण दिसते." मी काच पुसायची. मला पापुद्रा दिसायचा नाही. पण मी तेव्हा गाडी चालवत नव्हते, आणि ज्याचं काम त्यालाच कळतं असं मला वाटायचं.

एका दुपारी आम्ही तेलीबांध्याला गेलो. तिथं गाड्यांवर लेप चढवून देणारं नवं दुकान झालं होतं. आत एसी होता, छताला मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिवे होते आणि इस्त्रीचा काळा टी-शर्ट घातलेला एक मुलगा होता.

"अंकल, ये सिरॅमिक है. नौ एच. पेन्सिल से भी स्क्रॅच नहीं आएगा."

"गाड़ी पे पेन्सिल कौन चलाता है?" बाबांनी विचारलं. "मोटाई बताओ. कितने मायक्रॉन?"

"अंकल, वो तो इतनी पतली होती है कि दिखती नहीं."

"हमारे यहाँ नहीं दिखती थी तो रिजेक्ट करते थे."

मुलानं एका काचेच्या तुकड्यावर पाणी ओतलं. पाण्याचे मणी झाले आणि घरंगळले. बाबा बघायला इतके जवळ वाकले, की त्यांच्या श्वासानं काच धुरकटली. मुलगा नम्रपणे म्हणाला, "अंकल, थोड़ा पीछे से देखिए." बाबा मागं सरले आणि म्हणाले, ठीक आहे.

त्यांनी सबंध गाडीवर लेप चढवून घेतला नाही. दोन लहान बाटल्या घेतल्या, एक चाकांची, एक काचांची. पंडरीच्या बाजारातून मेणाचा डबा आणि पावसाचं पाणी काचेवर टिकू न देणारं एक औषध आणलं. तिसरं म्हणून ओळखीच्या रंगवाल्याकडून बिनरंगी लॅकर आणलं. त्यावर त्यांचा खरा विश्वास होता. घरी येऊन त्यांनी बेत सांगितला. चार चाकांना चार तऱ्हा, त्यांतलं एक चाक तुलनेसाठी कोरं, कारखान्याच्या भाषेत कंट्रोल प्लेट. दारांच्या चार काचांचं तसंच. कुठं काय लावलं ते फक्त त्यांना माहीत राहील. दर रविवारी मी तपासायचं आणि दहापैकी गुण द्यायचे. सहा महिन्यांनी जे जिंकेल ते सगळीकडे लागेल आणि समोरच्या काचेलाही तेच. समोरच्या काचेला तोवर कुणी हात लावायचा नाही.

"थ्या काचेले योग्य औषध भेटलं," ते म्हणाले, "का मंग सगळं साफ."

आई चीला, तांदळाच्या पिठाचं धिरडं, टाकत होती. ती तव्याकडे बघतच म्हणाली, "मले पाहाले आले होते तवा तुमी दोन मिनटं बी नाई बसले. आन् चाकाले सहा महिने."

"तवा कंट्रोल प्लेट नव्हती," बाबा म्हणाले.

रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली, की चील्याचं पीठ तव्यावर पडल्याचा चर्र आवाज यायचा. तो थांबेपर्यंत मी बादली आणि जुनं बनियन घेऊन गाडी धुवून काढायची. मग खाली बसून एकेक चाक बघायचं, एकेक काच बघायची आणि मोठ्यानं गुण सांगायचे. बाबा व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले असत, तोंड पेरूच्या झाडाकडे. गाडीकडे ते पाहात नसत. "तपासनाऱ्यावर दाब पडू नये," असं कारण होतं. मी गुण रेल्वेच्या जुन्या रजिस्टरात लिहायची. पुढचं डावं नऊ. पुढचं उजवं सहा. मागचं डावं चार. मागचं उजवं सात. मला त्या कामाचा अभिमान होता. घरात माझ्या शब्दावर काही ठरायची ती पहिलीच वेळ. कॉलेजात मी काही बोलले तर पुढच्या बाकावरच्यांनाही ऐकू जात नसे. इथं मी "चार" म्हटलं की एक निवृत्त माणूस मान हलवायचा.

त्या महिन्यांत गाडी फाटकाच्या खांबाला दोनदा घासली. दोन्ही वेळा दोष समोरच्या काचेवर गेला. शंकर नगरच्या वळणावर बाबा गाडी इतकी हळू घ्यायचे, की मागचे लोक हॉर्न वाजवून थकायचे आणि गप्प व्हायचे. आई शेजारच्या सीटवर बसून सतत बोलायची. "गाय हाय. पोट्टं हाय सायकलवर, डाव्या अंगानं. रिक्षा थांबली. ट्रक येऊन राहिला." मी मागं पुस्तक उघडून बसलेली असे आणि मला त्या बोलण्याचा वैताग यायचा. एकदा मी म्हटलं, "आई, बाबाले दिसते ना." ती समोर बघतच म्हणाली, "सिग्नल लाल हाय."

पाचव्या महिन्यात नागपूरला मामेबहिणीचं लग्न निघालं. गाडीनंच जायचं, हे बाबांनी पत्रिका यायच्या आधी ठरवलं होतं. आईच्या माहेरी अजून कुणाकडे गाडी नव्हती. लांबचा प्रवास म्हणून त्यांनी गाडी टायरवाल्याकडे नेली, चाकं तपासून घेतली, तिथल्या बाकावर बसून चहा प्यायला आणि परत आले. दोन दिवसांनी रविवार होता.

मी गाडी धुतली, पुढच्या डाव्या चाकाशी बसले आणि मला कळेना. चार महिने नऊ मिळवणारं चाक काळं होतं. काजळी खोलवर बसलेली. बनियन घासलं तरी निघेना.

"पुढचं डावं चार," मी म्हटलं.

"परत पाय."

"पायलं बाबा. चारच."

"चार होऊच शकत नाई. थ्याले मी सोता लावलं हाय." हे बोलून त्यांनी स्वतःचा नियम मोडला, पण ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. ते उठले, गाडीला एक हात लावत लावत आले आणि माझ्या शेजारी उकिडवे बसले. सकाळचे नऊ वाजले असतील. ऊन सरळ चाकावर पडलं होतं. बाबांनी चाकाकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं.

"चकचकीत तर हाय," ते म्हणाले.

मी चाकाकडे पाहिलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. बाबा थट्टा करायचे तेव्हा आधी थोडं खोकायचे.

मग सवयीनं त्यांचा अंगठा पुढं झाला. तो आधी टायरला लागला, मग सरकत कडेवर आला, आणि तिथं थांबला. त्यांनी तो पुन्हा एकदा फिरवला, हळू. अंगठा पहिल्या बोटावर चोळला. वास घेतला.

"हे तर मागचं हाय," ते म्हणाले. "कोरं."

टायरवाल्यानं पुढची चाकं मागं आणि मागची पुढं केली होती. टायर सारखे झिजावेत म्हणून करतात तसं. त्यानं ते बाबांच्या समोर केलं होतं, बाकापासून चार हातांवर, बाबा चहा पीत असताना. हे आम्हां दोघांना एकदमच समजलं असावं. घरातून आईनं हाक मारली, चीला गार होऊन राहिला म्हणून. बाबा उठले, नळाशी गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. मी रजिस्टरात चार लिहिलं. ते बरोबर होतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी पुढं दोन नावं सांगितली, पिकलेला मोतीबिंदू आणि त्याच्या मागं बरीच वर्षं लपलेला काचबिंदू. पहिला काढता आला. दुसऱ्यानं जे नेलं होतं ते परत आलं नाही. उरलेलं राखायला बाबा शेवटपर्यंत दिवसातून दोनदा डोळ्यांत थेंब घालत होते. पण हे नंतरचं. त्या रविवारी आमच्याकडे कुठलंच नाव नव्हतं. निघायचं बुधवारी होतं, आणि नागपूर जवळपास तीनशे किलोमीटर.

दुपारी आई लग्नासाठी शंकरपाळे तळत होती. मी तिला म्हटलं, "आई, बाबाले दिसत नाई."

झाऱ्यातून तेल निथळेपर्यंत ती थांबली. "मले मालूम हाय."

"कवापासून?"

"गाडी घेतली थ्याच्या आधीपासून."

"मंग तू बोलली काहून नाई?"

"थे नाई बोलले, तं मी काहून बोलू?" तिनं पुढचा घाणा सोडला. "एवढे दिवस सांगतच आली ना मी. गाय हाय, ट्रक हाय. आनखी तीनशे किलोमीटर सांगीन."

"आन् तुले डुलकी लागली तं?"

आईनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी काई बोलनार नाई, सुजा. थ्यायची पूर्न नोकरी नजरेची होती." आणि मला शंकरपाळ्यांची परात उचलायला लावली.

सोमवार गेला. मंगळवार गेला. बाबांनी टायरमध्ये हवा भरून आणली. बॅगा डिकीत ठेवून पाहिल्या, काढल्या आणि पुन्हा ठेवल्या. मी पुस्तक घेऊन बसायची आणि एकाच पानावर असायची. बोलायचं धाडस मला नव्हतं. मी कुणाला तोंडावर काही सांगितलं आहे, असं तोवर घडलेलं नव्हतं. वाक्य मनात जुळायचं आणि बाबा समोर आले की त्याचं क्रियापद हरवायचं.

मंगळवारी संध्याकाळी मला मालगाडीच्या डब्याची गोष्ट आठवली. डबा नादुरुस्त असला की तपासणारा त्याच्यावर खडूनं "सिक", म्हणजे आजारी, असं लिहितो. बाबा सांगायचे, एकदा ते लिहिलं की तो डबा हलत नाही. आत साखर असो की सिमेंट असो, मोठा साहेब स्वतः येवो, डबा जागेवरच. पुसायचं फक्त त्यानंच, ज्यानं लिहिलं. त्यांच्या नोकरीत एका साहेबानं असा मार्क पुसायला सांगितला होता आणि बाबांनी त्याच्या हातात खडू दिला होता, म्हणाले होते, तुम्हीच पुसा आणि खाली सही करा. साहेबानं पुसला नाही.

बुधवारी उजाडता उजाडता मी अंगणात गेले. आधी दारावर लिहायला गेले तर नव्या रंगावर खडू उठेना. दाराच्या काचेवर लिहिलं तर तिथं लेप होता, खडू घसरत होता. समोरच्या काचेवर मात्र काहीच लावलेलं नव्हतं. खडू पाण्यात बुडवून मी स्टिअरिंगच्या बरोबर समोर हातभर मोठी दोन अक्षरं काढली. माझं अक्षर तेव्हाही वाईट होतं.

सहा वाजता बाबा इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले. आई मागून डबा आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आली. तिनं काच पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि पायरीवरच उभी राहिली. बाबा दार उघडून आत बसले. किल्ली लावली. मग त्यांचा हात आतून काचेवर फिरला, एकदा, दोनदा. त्यांनी रुमाल काढून आतून पुसलं. पांढरं गेलं नाही. ते खाली उतरले, पुढून फिरून आले, काचेवर अंगठा ओढला आणि अंगठ्याला लागलेलं चोळून पाहिलं.

"खडू हाय," ते म्हणाले. थोडं थांबून त्यांनी बोट अक्षरांवरून नेलं, पहिल्यावरून, दुसऱ्यावरून. "मार्क कोनं लावला?"

"मी."

मला वाटलं ते पुसतील. पाण्याची बादली शेजारीच होती. त्यांनी हात मागं घेतला.

"रजिस्टर आन."

मी आणलं. ते म्हणाले, "कारन लिही. कारनाबिगर मार्क लागत नाई."

मी रजिस्टर बोनेटवर ठेवलं आणि लिहिलं. "वाच," बाबा म्हणाले.

"समोरची काच अस्वच्छ."

"समोरची काच तपासनीत होती का?"

"नाई."

"मंग थे नापास कशी करून राहिली तू? खोटं कारन लिवलं तं मार्क उठते. मंग मी गाडी काढू शकतो." त्यांचा आवाज चढला नव्हता. कारखान्यात नव्या माणसाला सांगत असावेत तसा होता. "काढू का?"

आई पायरीवरून म्हणाली, "अहो, पोट्टी हाय थे."

"तपासनारी हाय," बाबा म्हणाले. "लिही, सुजाता. जे पायलं थे."

मी आधीचं खोडलं. खाली लिहायला बराच वेळ लागला. रस्त्यावरून दूधवाला गेला, त्यानं बाबांना हात केला, बाबांनी त्याला उत्तर दिलं नाही आणि का दिलं नाही ते मला आता कळत होतं. लिहून झाल्यावर त्यांनी पुन्हा सांगितलं, वाच. माझा आवाज पुढच्या बाकावरही पोचत नाही, म्हणून मी जरा मोठ्यानं वाचलं.

"चालकाला दिसत नाही."

बाबांचा एक हात बोनेटवर होता. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि टोपण मागं लावलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "आता बसनं जा लागंल. थ्या डिकीतल्या बॅगा काढा." आई पायरी उतरली. बाबा रजिस्टरावर वाकले, पान डोळ्यांजवळ आणलं, जरा तिरपं केलं, पुन्हा सरळ केलं. मग ते बोनेटवर ठेवून माझ्याकडे सरकवलं.

"सही कुठं करू?"

मी रेघेच्या सुरुवातीला बोट ठेवलं. त्यांनी पेनाचं टोक माझ्या नखाला टेकवलं आणि तिथून पुढं आपलं पूर्ण नाव लिहिलं.